झाकणावरचा काटा आणि जाळीवरचा प्रोब

झाकणाच्या कोळसा ग्रिलवरचा काटा १८० अंश सेल्सियस दाखवतो, आणि कोंबडीला तेवढीच आच मिळतेय असं आपण धरून चालतो. गल्लत होते ती इथे. तो काटा घुमटाखाली साचलेल्या हवेचं तापमान सांगतो. कोंबडी असते वीतभर खाली, जाळीवर.

निखारे एका बाजूला आणि मांस दुसऱ्या बाजूला ठेवून भाजताना हा फरक सर्वांत महागात पडतो. गरम हवा वर जाते, त्यामुळे मांसाजवळ बहुधा आच कमी असते. काटा नेमका निखाऱ्यांच्या डोक्यावर आला तर फरक आणखी वाढतो. म्हणून झाकण फिरवून काटा मांसाच्या बाजूला आणावा. शिवाय काट्यामागे दोन धातूंची गुंडाळलेली पट्टी असते आणि ती सावकाश तापते. झाकण उघडून लावलं की काही मिनिटं आकडा खरा नसतो. नेमकं तेव्हाच घाईने हवेची भोकं पूर्ण उघडली तर पुढे आच हाताबाहेर जाते.

मांसाजवळची आच सांगतो तो जाळीवरचा प्रोब, म्हणजे वायरला जोडलेली तापमापकाची सळई. तो क्लिपने जाळीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर धरावा. टोक लोखंडाला टेकलं तर ते जाळीचं तापमान सांगेल. मांसापासून निदान पाच सेंटिमीटर लांब ठेवावा, कारण थंड, ओल्या मांसाभोवतीची हवा गार असते. वायर निखाऱ्यांवरून नेऊ नये, आवरण जळतं. प्रोब धुताना वायरच्या सांध्यात पाणी शिरलं की भलतेच आकडे येतात.

थेट निखाऱ्यांवर भाजताना मात्र दोन्ही आकड्यांवर विसंबू नये. तिथे मांस भाजतं ते मुख्यतः निखाऱ्यांच्या झळीने, आणि ती झाकणावरच्या काट्याला कळत नाही.

कोंबडी शिजली का, हेही या दोघांपैकी कुणी सांगत नाही. त्यासाठी टोचायचा तापमापक वेगळा. मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकता टोचावा, थोडा खोल घालून हळूहळू मागे ओढावा. वाटेत दिसलेला सर्वांत कमी आकडा खरा. तो ७४ अंशांना पोचायला हवा. तंगडी ८० च्या पुढे गेली तर जास्त मऊ लागते, कारण तिच्यातले चिवट धागे तोवर विरघळू लागतात.

प्रोब तपासायला ग्लासभर बर्फाचा चुरा घ्यावा, फटी भरतील इतकंच पाणी घालून ढवळावं आणि टोक मधोमध धरावं: शून्य अंश दिसायला हवं. झाकणावरचा काटा बहुतेक ग्रिलमध्ये आतला नट सोडवून निघतो. दांड्यावरची काजळी पुसून तो उकळत्या पाण्यात बुडवावा. मुंबईत १०० अंश दिसले पाहिजेत, पण पुण्यात पाणी सुमारे ९८ ला उकळतं आणि महाबळेश्वरला ९५-९६ ला. तिथे १०० दाखवणारा काटा बरोबर नाही, तो चढा आहे.