राउटर आयडी: दिसायला आयपी, असतो नुसता नंबर

ओएसपीएफ, ईआयजीआरपी, बीजीपी (राउटर एकमेकांना रस्ते सांगतात ते राउटिंग प्रोटोकॉल) सगळं एकाच राउटरवर चालवताना राउटर आयडीचा, म्हणजे राउटरच्या ओळख-नंबरचा, गोंधळ होतो, कारण प्रत्येक प्रोटोकॉलने आयडी आणला तो आपापल्या गरजेपुरता. रिप या जुन्या राउटिंग प्रोटोकॉलला तर असलं काही लागायचंच नाही, शेजाऱ्याचा इंटरफेस ॲड्रेस कळला की काम भागायचं.

ओएसपीएफ (पहिलं स्पेक १९८९चं) लिंक-स्टेट, म्हणजे प्रत्येक राउटर अख्ख्या एरियाचा (नेटवर्कच्या एका भागाचा) नकाशा काढणार, आता एका राउटरला दहा इंटरफेस आणि दहा आयपी असले तर नकाशात तो एकच आहे हे कशावरून कळणार? म्हणून ३२ बिटांचा राउटर आयडी. तो लिहायचा आयपीसारखा, आणि हाताने दिला नाही तर सिस्को सगळ्यात मोठा लूपबॅक (राउटरमधला काल्पनिक इंटरफेस) आयपी उचलतं, लूपबॅक नसेल तर चालू इंटरफेसमधला मोठा. ही सोयच पुढे नडली. एकाच एरियात दोघांचा आयडी सारखा झाला की समोरच्याचा एलएसए (आपल्या लिंक्सची माहिती देणारा संदेश) आपल्याच नावाने आलेला दिसतो, मग हा सीक्वेन्स नंबर वाढवून आपला खरा एलएसए पाठवतो, तोही तेच करतो, आणि रूट्स येत-जात राहतात. ईआयजीआरपीत तर एक्स्टर्नल (बाहेरून, दुसऱ्या प्रोटोकॉलमधून आणलेल्या) रूटवर आपलाच आयडी दिसला की राउटर तो रूट गुपचूप टाकून देतो, शोधत बसा!

आयएस-आयएस हा आणखी एक राउटिंग प्रोटोकॉल ओएसआयच्या (आयपीपेक्षा वेगळ्या नेटवर्क मानकांच्या) जगातलं, तिथे आयपीचा संबंधच नव्हता, सिस्टम आयडी सहा बाइटचा. तरी लोकांनी लूपबॅक त्यात बसवलाच, १९२.१६८.१.१ चं १९२१.६८००.१००१ करून, आणि मला तरी ही पद्धत फार आवडते, डेटाबेस बघताना राउटर लगेच ओळखू येतो.

बीजीपीत आयडेंटिफायर आला १९९१ला, तिसऱ्या व्हर्जनमध्ये, आणि कारण अगदी वेगळं: दोन्ही बाजूंनी एकदमच टीसीपी कनेक्शन उघडलं तर ठेवायचं कुठलं? ज्याचा आयडी मोठा त्याने उघडलेलं. मग १९९३च्या आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) १४०३ने सांगितलं की बीजीपी आणि ओएसपीएफचा आयडी एकच हवा, म्हणजे आयबीजीपीवरून (एकाच एएसमधल्या, म्हणजे एकाच कारभाराखालच्या नेटवर्कमधल्या, राउटरांमधल्या बीजीपीवरून) आलेला रूट ओएसपीएफमध्ये त्याच राउटरने टाकलाय का हे ताडून बघता येईल. सिस्कोवर सिंक्रोनायझेशन (आयबीजीपीचा रूट ओएसपीएफमध्येही दिसेपर्यंत न वापरण्याचा नियम) चालू ठेवून दोन आयडी वेगळे ठेवले की रूट बेस्ट व्हायचाच नाही, ते यामुळेच. सिंक्रोनायझेशन आता कोणी वापरत नाही, पण सगळीकडे एकच आयडी ठेवायची सवय राहिली आणि ती चांगलीच आहे.

आयपीव्ही६साठी ओएसपीएफव्ही३ आलं (१९९९), पण आयडी ३२ बिटांचाच राहिला, त्यामुळे बॉक्सवर एकही आयपीव्ही४ ॲड्रेस नसेल तर तो हातानेच द्यावा लागतो, नाहीतर सिस्कोवर प्रोसेस सुरूच होत नाही. बीजीपीतही २०११च्या आरएफसी ६२८६ने आयपीची अट काढली: शून्य सोडून कुठलाही ३२ बिटांचा नंबर चालेल, फक्त आपल्या एएसमध्ये तो दुसऱ्या कोणाचा नको.