कोरी सीडी कोणाची? खोक्यावरचं नाव आणि खाचेतलं नाव

आत्याने २००६ साली जात्यावरच्या ओव्या म्हणून दाखवल्या, तेव्हा मी त्या दोन सीडींवर उतरवून ठेवल्या. दोन्ही कोऱ्या सीडी पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या, एकाच ब्रँडच्या, फक्त दोन-तीन महिन्यांच्या अंतराने. गेल्या महिन्यात त्या संगणकावर घ्यायला बसलो. पहिली पाच मिनिटांत उतरली. दुसरी शेवटच्या दोन ओव्यांपाशी अडकली ती अडकलीच. घरात लगेच निदान झालं, "ब्रँडच भिकार." पण ब्रँड तर दोन्हींचा एकच होता!

कोऱ्या सीडींवर ज्याचं नाव छापलेलं असतं, त्याने ती बनवलेली असेलच असं नाही. विकणारी कंपनी कधी जपानमधून माल घ्यायची, कधी तैवानमधून. खोकं तेच राहायचं, आतली तबकडी बदलायची. खरा कारखानदार कळतो तो तबकडीतूनच, आणि तो कसा कळतो ही मला या सगळ्या तंत्रज्ञानातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

कोरी सीडी कोरी नसते. तिच्यावर आतून बाहेर जाणारी एक सर्पिल खाच कारखान्यातच उमटवलेली असते. एका वेढ्यापासून दुसरा वेढा १.६ मायक्रोमीटरवर. ही खाच उलगडली तर साधारण पावणेसहा किलोमीटर भरेल, म्हणजे शनिवारवाड्यापासून स्वारगेटला जाऊन परत येण्याइतकी. ती सरळ मात्र नसते, किंचित नागमोडी असते. डावी-उजवीकडचा हा हेलकावा जेमतेम ०.०३ मायक्रोमीटर, आणि एक पूर्ण वळण सुमारे ५४ मायक्रोमीटर लांब, साधारण केसाच्या जाडीएवढं. सीडी मूळ वेगाने फिरली की रायटरच्या, म्हणजे सीडीवर लिहिणाऱ्या यंत्राच्या, लेझरला ही वळणं सेकंदाला २२,०५० वेळा जाणवतात. त्यावरून फिरण्याचा वेग सांभाळला जातो. आता खरी गंमत अशी, की ही कंप्रता एक हजारने कमीजास्त करून त्या वळणांमध्येच घड्याळ लिहिलेलं असतं: मिनिट, सेकंद आणि सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग. या घड्याळाला 'एटिप' म्हणतात.

गाणी शून्य मिनिटापासून सुरू होतात. त्याआधी आतल्या बाजूला प्रस्तावनेचा पट्टा असतो. तिथे घड्याळ ९७ मिनिटांच्या आसपास सुरू होतं आणि ९९:५९:७४ नंतर शून्यावर येतं. प्रत्येक कारखान्याला या पट्ट्याची सुरुवातीची वेळ वेगळी नेमून दिलेली आहे. ९७:२४ आलं की जपानची तायो युदेन, ९७:१७ आलं की आपली मोझर बेअर. म्हणजे शून्याआधी २ मिनिटं ३६ सेकंद मोजायला लागली ती एक कंपनी, २ मिनिटं ४३ सेकंद आधी लागली ती दुसरी. नाव कुठेही अक्षरांत लिहिलेलं नाही, ते वेळेत लिहिलेलं आहे. त्या वेळेत सेकंदांनंतर येणाऱ्या पंचाहत्तराव्या भागांच्या आकड्याच्या शेवटच्या अंकावरून, लेझर ज्यावर लिहितो ते रंगद्रव्य कोणत्या जातीचं आहे हेही रायटरला कळतं: ० ते ४ असेल तर सायनिनसारखं, ५ ते ९ असेल तर थॅलोसायनिन. त्यावरून लेझरचे झटके किती लांबीचे द्यायचे ते ठरतं. डीव्हीडीत हा संकेत अक्षरांतच असतो.

साधा प्लेअर हे वाचत नाही, रायटर लागतो. मी 'सीडीरेकॉर्ड' या मोफत प्रोग्रॅमने दोन्ही सीडी तपासल्या. पहिली तायो युदेनची निघाली, दुसरी वेगळ्याच कारखान्याची. दोन तबकड्यांवरून कोणाचा न्याय करता येत नाही, पण "ब्रँड तोच" हा मुद्दा तिथेच संपला.

कारखान्याने फरक का पडावा? रंगद्रव्याचं द्रावण फिरत्या तबकडीवर ओतून पसरवतात. थर कडेपर्यंत सारख्या जाडीचा बसला पाहिजे, आणि बाहेरच्या कडेला हे सर्वांत अवघड जातं. थर बिघडला की वाचताना चुका वाढतात. सीडीतून सेकंदाला माहितीच्या ७,३५० छोट्या चौकटी वाचल्या जातात. दहा सेकंदांच्या सरासरीने त्यांतल्या २२० पर्यंत चौकटींत चूक चालते, कारण दुरुस्तीची सोय गणितातच केलेली आहे. म्हणूनच आज नीट वाजणारी सीडी आतून किती खंगली आहे हे कानाला कळत नाही.

"निळी ती चांगली", "सोनेरी शंभर वर्षं टिकते" हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. कडेला हिरवं मार्कर फिरवलं की आवाज सुधारतो असंही लोक मानत. रंग फक्त रसायन आणि परावर्तक धातू दाखवतो, कारागिरी दाखवत नाही. आणि शंभर वर्षांचा दावा उष्णता आणि दमट हवेत थोडे दिवस ठेवून काढलेल्या हिशोबावर उभा असतो. शंभर वर्षं कोणी थांबलेलं नाही; सीडी-आर १९८८ ची आहे.

एटिपवरही डोळे मिटून विश्वास नको. तायो युदेनचे संकेत चोरून उमटवलेल्या डीव्हीडी बाजारात आल्या होत्या. शिवाय तायो युदेनने २०१५ मध्ये हा धंदा सोडला, आणि व्हर्बेटिम हा कोऱ्या सीडींचा ब्रँड २०१९ मध्ये मित्सुबिशी केमिकलकडून तैवानच्या सीएमसी कंपनीकडे गेला. कोणाची सीडी चांगली हे सांगणाऱ्या जुन्या याद्या घेऊन आज खरेदीला जाऊ नका.

आत्याच्या दुसऱ्या सीडीसाठी मी तीन रायटर बदलून पाहिले, वेग कमी केला. मित्राच्या जुन्या रायटरवर एक ओवी आली. सीडी आतून बाहेर भरत जाते, त्यामुळे उरलेली ओवी अगदी कडेला आहे. आत्याला ती पाठ आहे. या रविवारी फोन घेऊन तिच्याकडे जातोय.