तीन राजे आणि तीन बदाम

सोलापुरात लक्ष्मीपूजनाच्या रात्री तीन पत्तीचा डाव बसतो, तेव्हा ट्रेलच्या, म्हणजे तीन सारख्या पत्त्यांच्या, वर काही नसतं. ट्रेल हाती आली की माणूस डोळे झाकून चाल वाढवतो. याच सवयीत वाढलेली पोरं आता पोकर खेळू लागली आहेत. मागच्या दिवाळीत अशोक चौकातल्या एका घरी मी त्यांचा डाव बघत बसलो होतो. पैसे लावायचे नाहीत असं घरच्यांनी बजावलेलं, म्हणून भाजलेल्या शेंगा लावल्या होत्या. पोकरमध्ये मधले उघडे पत्ते प्रत्येकाला आपल्या हातातल्या दोन पत्त्यांशी जोडता येतात. एकाच्या हातात दोन राजे होते, तिसरा राजा मधे उघडा पडलेला. पण मधे तीन बदामही दिसत होते आणि समोरच्याने दणकून शेंगा वाढवल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "पॅक कर बे, त्याच्याकडं कलर असंल." राजेवाला म्हणाला, "तीन राजे असताना पत्ते टाकतंय का कोण?"

एकाला नुसती भीती, दुसऱ्याला नुसता भरवसा. या दोघांच्या मधे जे गणित आहे, ते माझ्या फार आवडीचं आहे.

आधी ट्रेलचा गैरसमज काढून टाकू. 52 पत्त्यांतून तीन पत्त्यांचे 22,100 वेगवेगळे हात होतात. त्यात ट्रेल फक्त 52, तर ओळीने येणारे सिक्वेन्स वगळून कलर, म्हणजे एकाच चिन्हाचे, 1,096, म्हणजे ट्रेलच्या एकवीस पट. म्हणून तीन पत्तीत ट्रेल राजा. पोकरचा हात पाच पत्त्यांचा असतो. तसे हात 25,98,960 होतात. त्यात तीन सारखे पत्ते असलेले 54,912 आणि कलरचे, म्हणजे फ्लशचे, अवघे 5,108. पारडं साफ उलटलं! तीन सारखे पत्ते जमवताना उरलेले दोन जवळजवळ कोणतेही चालतात, फ्लशला मात्र पाचही पत्ते एकाच चिन्हाचे लागतात. जो हात दुर्मीळ तो मोठा, याच नियमाने दोन्ही खेळांतले बहुतेक क्रम ठरले आहेत. पोकरमध्ये तीन राजे फ्लशसमोर हरतात.

आता तो डाव जवळून पाहू. आपल्या हातात इस्पिक राजा आणि किलवर राजा. मधे पहिले तीन पत्ते, म्हणजे फ्लॉप: बदाम राजा, बदाम अठ्ठी, चौकट तिर्री. चौथा पत्ता, म्हणजे टर्न: बदाम दुर्री. पाचवा, ज्याला रिव्हर म्हणतात, अजून यायचा आहे. आपल्याला सहा पत्ते दिसतात, 46 दिसत नाहीत. समोरच्याचे दोन पत्ते या 46 मधलेच. अशा जोड्या 46 गुणिले 45 भागिले 2, म्हणजे 1,035. न दिसलेले बदाम 10, त्यांच्या जोड्या 45. या मांडणीत अजून कुणाचा सिक्वेन्स होऊ शकत नाही आणि राजांहून मोठे तीन सारखे पत्तेही कुणाकडे असू शकत नाहीत. म्हणजे आत्ता आपल्याला हरवणारे हात 45 आणि आपण हरवतो असे हात 990. धोका 23 मध्ये एक. भीती घालणाऱ्याच्या डोळ्यांत तीन बदाम भरले होते, हा आकडा त्याच्या मनातही आला नसेल.

पण समोरचा गप्प बसलेला नाही, त्याने चाल वाढवली आहे. ही नवी माहिती आहे, आणि नव्या माहितीने जुना अंदाज किती सरकवायचा हे सांगणारं सूत्र थॉमस बेज या इंग्रज पाद्र्याच्या निबंधातून आलं. तो निबंध त्याच्या मृत्यूनंतर 1763 मध्ये छापला गेला. सूत्र बाजूला ठेवून जोड्याच मोजू. समजा, फ्लश हाती असलेला माणूस तीनपैकी दोनदा चाल वाढवतो. मग 45 पैकी 30 जोड्या उरल्या. आता खरा प्रश्न असा, की फ्लश नसताना हाच माणूस किती वेळा वाढवतो? तो उताविळ असेल आणि अकरात एकदा थाप मारत असेल, तर 990 पैकी 90 जोड्या उरतात. एकूण 120, त्यात फ्लश 30, म्हणजे 25 टक्के. तो बेताचा असेल, तेहतिसात एकदाच वाढवत असेल, तर 30 विरुद्ध 30, म्हणजे 50 टक्के. आणि नव्याण्णवात एकदाच वाढवणारा शांत माणूस असेल तर 30 विरुद्ध 10, म्हणजे 75 टक्के. पत्ते तेच, चालही तीच. फ्लश असताना तो काय करतो, याचा विचार सगळे करतात. पण निकाल ठरतो तो फ्लश नसताना तो काय करतो यावर. आजाराच्या चाचणीचा अहवाल वाचतानाही हीच चूक होते: निरोगी माणसांपैकी किती जणांची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येते, हे कुणी विचारतच नाही.

खऱ्या डावात आणखी एक गुंता आहे. भिकार पत्ते धरलेली माणसं पहिल्या फेरीतच पॅक होतात, दोन बदामवाला मात्र आशेवर टिकून राहतो. त्यामुळे सुरुवातच 23 मध्ये एकच्या वर होते. हिशेबाची रीत तीच, फक्त गळालेल्या जोड्या आधी वजा करायच्या.

आता शेंगा. धरून चाला की त्याच्याकडे फ्लश आहेच, बदाम एक्का आणि नश्शी. तरी आपण मेलेलो नाही. चौकट राजा आला तर चार राजे; अठ्ठी, तिर्री किंवा दुर्री आली तर फुल हाउस, म्हणजे तीन राजे आणि एक जोडी. हे दोन्ही हात फ्लशच्या वर. असे पत्ते 10, न दिसलेले 44, म्हणजे जवळजवळ 23 टक्के. मधे 30 शेंगा आहेत आणि त्याने 10 लावल्या, तर 10 टाकून 50 ची रास मिळू शकते; 20 टक्के शक्यता पुरते. म्हणजे फ्लश समोर दिसत असला तरी त्या 10 शेंगा लावणं बरोबर! त्याने 30 लावल्या तर 90 च्या राशीसाठी 33 टक्के लागतात, आणि फ्लशची खात्री असेल तर मुकाट्याने पॅक करावं. पण खात्री 50 टक्केच असेल तर? फ्लश नसताना आपण हात राखून 80 टक्के वेळा जिंकतो असं धरलं, तरी दोन्हींची सरासरी 51 च्या पुढे जाते. तिथे पत्ते टाकणं म्हणजे शेंगा फुकट वाटणं.

त्या रात्री "पत्ता तापलाय", "जागा बदल" हेही चाललं होतंच. पत्त्याला मागचा डाव आठवत नसतो. गड्डी नीट पिसली की मागच्या डावाचा मागमूस उरत नाही. दोन भाग करून एकमेकांत सरकवण्याच्या पद्धतीने सात वेळा पिसलं की बहुतेक कामांना पुरतं, हे डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस यांनी 1992 मध्ये गणिताने दाखवलं. याच गणिताचा दाखला देत "हा कौशल्याचा खेळ, घरबसल्या कमवा" असं सांगणाऱ्या ॲपच्या जाहिरातींचा मला मनापासून राग येतो. प्रत्येक डावातून चालवणारा आपला वाटा काढतो, म्हणजे सगळ्या खेळणाऱ्यांची मिळून बेरीज कायम तोट्याचीच राहणार. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये कायद्याने बंदी आणली, हे चांगलं झालं.

राहिला रिव्हर. समजा तो बदाम सत्ती निघाला. आता मधे चार बदाम आहेत, म्हणजे समोरच्याला हातात एकच बदाम पुरतो. न दिसलेले पत्ते 45, जोड्या 990. एकही बदाम नसलेल्या जोड्या 36 गुणिले 35 भागिले 2, म्हणजे 630. उरलेल्या 360 आपल्याला हरवतात, 36 टक्के, आणि हे त्याने चाल करण्याआधीच! एका पत्त्याने धोका आठ पटींहून जास्त वाढला. आता तीन राजे घेऊन स्वतःहून वाढवू नये. आपण वाढवलं तर बदाम नसलेला पॅक करणार आणि मोठा बदाम असलेला तेवढा थांबणार. त्याने थोड्या शेंगा लावल्या तर तेवढ्याच लावून त्याचे पत्ते बघावेत, ढीग लावला आणि माणूस नव्याण्णवात एकदा थाप मारणारा असेल, तर राजे गुपचूप पालथे ठेवावेत.