मनगटावरचा अँटेना : एका कामामागचा इतिहास

स्मार्ट घड्याळ टेबलावर ठेवून त्यातला अँटेना मोजला, तर नेटवर्क ॲनालायझरच्या (अँटेनाकडे पाठवलेल्या ऊर्जेपैकी किती परत फिरते हे मोजणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावरील आलेखात २.४४ गिगाहर्ट्झच्या आसपास अरुंद, खोल दरी दिसते, म्हणजे तिथे फार थोडी ऊर्जा परत फिरते; तेच घड्याळ मनगटाला बांधले की ही दरी खालच्या वारंवारतेकडे सरकते आणि रुंदावते. नवख्या आरएफ (रेडिओ लहरींवर काम करणाऱ्या) इंजिनिअरला रुंद दरी पाहून बरे वाटते, पण अँटेनाने स्वीकारलेली ऊर्जा हवेत जाण्याऐवजी बरीचशी त्वचेत आणि स्नायूंत जिरत असते, हे त्या आलेखात दिसत नाही.

ही अडचण सुरुवातीपासून नव्हती. फिनलंडच्या पोलर कंपनीने १९८२ मध्ये बाजारात आणलेल्या बिनतारी हृदयगतिमापकात छातीच्या पट्ट्यावरून मनगटापर्यंत माहिती जाई, ती सुमारे ५ किलोहर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राद्वारे. इतक्या कमी वारंवारतेच्या चुंबकीय क्षेत्राला शरीर जवळपास आडवे येत नाही, आणि अंतरही हातभरच होते. शरीर आडवे येऊ लागले ते मनगटावरच्या उपकरणाने फोनशी बोलावे, ही अपेक्षा निर्माण झाल्यावर.

फोनशी बोलण्यासाठी मिळाला तो २.४ गिगाहर्ट्झचा वारंवारता-पट्टा. १९४७ च्या अटलांटिक सिटी येथील आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषदेत २४५० मेगाहर्ट्झ ही वारंवारता दळणवळणासाठी नव्हे, तर औद्योगिक, वैज्ञानिक आणि वैद्यकीय उपकरणांसाठी राखली गेली. मायक्रोवेव्ह ओव्हन तिथलेच रहिवासी. (पाण्याचे रेणू नेमके याच वारंवारतेला अनुनाद देतात, ही समजूत मात्र चुकीची आहे.) १९८५ मध्ये अमेरिकेच्या एफसीसी या दळणवळण नियामक संस्थेने हा पट्टा विनापरवाना दळणवळणाला खुला केला, १९९४ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सनने ब्लूटूथचे काम हाती घेतले आणि २०१० मध्ये ब्लूटूथ ४.० सोबत कमी ऊर्जेची आवृत्ती आली. भारतात ठरावीक शक्तिमर्यादेतील उपकरणांना या पट्ट्यासाठी २००५ पासून परवाना लागेनासा झाला. अशा रीतीने जो पट्टा अन्न तापवण्यासाठी सोयीचा, तोच पाण्याने भरलेल्या शरीराला चिकटून वापरण्याची वेळ आली.

आकाराची मर्यादा तर त्याहून जुनी. तरंगलांबीच्या तुलनेत अँटेना जितका लहान, तितका त्याचा उपयोगी पट्टा अरुंद किंवा कार्यक्षमता कमी, हे व्हीलर (१९४७) आणि चू (१९४८) यांनी गणिताने दाखवून दिले होते. २.४ गिगाहर्ट्झला तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर असल्याने पाव तरंगलांबीचा, म्हणजे तीनेक सेंटिमीटरचा अँटेना घड्याळात कसाबसा मावतो. २०१७ च्या सुमारास घड्याळांत एलटीई (४जी मोबाइल जाळ्याशी थेट जोडणी) रुळू लागले, तेव्हा ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांसाठी तेवढीही सोय उरली नाही. म्हणून धातूची कड किंवा चक्क पडदाच अँटेना म्हणून वापरावा लागला.

शिवाय एलटीई प्रक्षेपकाची कमाल शक्ती २०० मिलिवॉट, तर कमी ऊर्जेच्या ब्लूटूथची बहुधा एखाददुसरा मिलिवॉट. त्यामुळे ऊतींत शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेचे मोजमाप हे एलटीई घड्याळाच्या आराखड्यात पहिल्या दिवसापासून धरावे लागते. एफसीसीच्या नियमांत शरीराच्या इतर भागांसाठी १ ग्रॅम ऊतीच्या सरासरीवर १.६ वॉट प्रतिकिलो, तर हातपायांसाठी १० ग्रॅमच्या सरासरीवर ४ वॉट प्रतिकिलो अशी मर्यादा आहे. घड्याळ मनगटावर असले, तरी ते तोंडाजवळ धरून बोलता येत असल्याने दोन्ही स्थितींत मोजमाप करावे लागते.