हिंसा, बेघरपणा आणि 'सामायिक घरा'चा वाद

१९८३मध्ये नवऱ्याकडून-सासरकडून होणाऱ्या छळाला गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं कलम ४९८-अ आलं, १९८६मध्ये हुंडाबळीचं कलम आलं. दोन्हींचा रोख शिक्षेवर होता. तक्रार नोंदवल्यावर त्या रात्री बाईने मुलांना घेऊन जायचं कुठे, हा प्रश्न माहेरावर सोडलेला, फार तर एखाद्या अल्पमुदतीच्या निवासगृहावर. मारणारा घरात राहणार आणि मार खाणारी बाहेर पडणार, हे सरकारांनी धरूनच चाललं होतं.

२००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने ते उलटं केलं. कलम १७ने बाईला मालकी नसतानाही सामायिक घरात, म्हणजे ती त्या पुरुषासोबत राहते किंवा राहिली त्या घरात, राहण्याचा हक्क दिला. कलम १९खाली हिंसा करणाऱ्या पुरुषालाच घर सोडायला सांगता येतं, नाहीतर त्याच दर्जाची दुसरी जागा किंवा तिचं भाडं मागता येतं.

२६ ऑक्टोबर २००६ला कायदा लागू झाला आणि दोन महिन्यांच्या आतच, १५ डिसेंबरला, सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्यातली हवा काढून घेतली. एका सुनेने सासरच्या घरात राहण्याचा हक्क मागितला होता, घर सासूच्या नावावर होतं. निकाल असा: सामायिक घर म्हणजे नवऱ्याच्या मालकीचं, त्याने भाड्याने घेतलेलं किंवा तो सदस्य असलेल्या एकत्र कुटुंबाचं घर. सुनेचा दावा फेटाळला गेला. व्याख्येचा मसुदाच ढिसाळ आहे, असंही सुनावलं. अर्थ सैल ठेवला तर जोडपं जिथे-जिथे राहिलं त्या प्रत्येक नातेवाइकाच्या घरावर बायको हक्क सांगेल, ही न्यायालयाची भीती. ती अगदीच पोकळ नव्हती. पण प्रतिवादी किंवा पीडितेचा घरावर हक्क असो वा नसो, असं व्याख्येतच लिहिलेलं होतं. ते वाचूनही बाजूला ठेवलं गेलं. घरं सासू-सासऱ्यांच्या नावावर असणं आपल्याकडे नेहमीचंच, त्यामुळे 'घर मुलाचं नाहीच' एवढं म्हटलं की काम भागायचं.

हे जवळपास चौदा वर्षं चाललं. ऑक्टोबर २०२०मध्ये तीन न्यायमूर्तींनी तो अर्थ चुकीचा ठरवला: सासऱ्यांच्या मालकीचं घरही सामायिक असू शकतं. राहण्यात काही स्थैर्य हवं आणि वृद्धांच्या हक्काचाही तोल सांभाळायला हवा, या अटी राहिल्या. त्याच डिसेंबरात ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७चा कायदा वापरून सुनेचा हा हक्क डावलण्यालाही लगाम बसला. २०२२मध्ये तर प्रत्यक्ष राहिलेली नसली तरी हक्क जात नाही, इथवर न्यायालय आलं.

बेघरांचं धोरण मात्र वेगळ्याच रुळावरून गेलं. २०१०च्या न्यायालयीन आदेशानंतर मोठ्या शहरांत लाख वस्तीमागे एक निवारा हे प्रमाण आलं, २०१३पासून ते नागरी उपजीविका अभियानात गेलं. म्हणजे निवारे नगरविकासाकडे, स्त्रियांची आधारगृहं महिला-बालविकासाकडे. या आधारगृहांत ठरावीक वयापुढचा मुलगा आईजवळ राहू शकत नाही, त्याची रवानगी बालगृहात होते. मुलगा तिथे जाऊ नये म्हणून कितीतरी आया आधारगृहाचं नावच काढत नाहीत. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख बेघर मोजले गेले, ते उघड्यावर राहणारे. भावाच्या घरी मुलांसह दिवस काढणारी त्यांत येत नाही.