लेखकसंग्रह केंद्र (विद्यापीठीय)

एखाद्या लेखकाची हस्तलिखिते, पत्रे, रोजनिशा, टिपणवह्या, मुद्रितशोधनाच्या प्रती आणि त्याच्या वापरातली पुस्तके जतन करून ती अभ्यासकांना खुली करणारा विद्यापीठातील विभाग. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालय हे महाराष्ट्रातले परिचित उदाहरण. अध्यासन आणि असे केंद्र यांत गल्लत होते. अध्यासन प्रामुख्याने व्याख्याने आणि संशोधन करते. केंद्रावर मूळ कागदांची जबाबदारी असते.

सर्वाधिक नुकसान कागद घरातून हलवतानाच होते, आणि तेही सद्हेतूने. कुणीतरी कथा एकीकडे, पत्रे दुसरीकडे अशी वर्गवारी करून टाकते. हस्तलिखितात खोचलेल्या पत्रावरची तारीख हाच त्या खर्ड्याचा काळ ठरवणारा एकमेव पुरावा असू शकतो. पत्र उचलले की तो गेला. म्हणून आधी प्रत्येक कपाटाची व खणाची छायाचित्रे घ्यावीत, खणाला क्रमांक द्यावा आणि त्यातला ऐवज त्याच क्रमाने त्याच क्रमांकाच्या पेटीत भरावा. जतनासाठी पत्र वेगळे काढावेच लागले, तर मूळ जागी तशी नोंद असलेली चिठ्ठी ठेवावी. खोडलेल्या ओळी, समासातले शेरे, हिशेबाच्या मागे लिहिलेली कविता यांपैकी काहीही रद्दी नसते.

आलेल्या पेट्या थेट भांडारात नेत नाहीत. कसर किंवा वाळवी आहे का हे पाहण्यासाठी त्या काही आठवडे स्वतंत्र खोलीत ठेवतात. टाचण्या, स्टेपल आणि रबर काढतात, कारण गंजाचे डाग कागद खातात आणि रबर वितळून चिकटते. धूळ मऊ ब्रशने झटकतात. जुनी चिकटपट्टी ओढून काढू नये, शाईसकट कागदाचा थर निघतो. ते काम प्रशिक्षित संवर्धकाचे. लॅमिनेशन तर कधीच करू नये. उष्णता व प्लास्टिक यांनी झालेली हानी सहसा भरून येत नाही.

भांडारासाठी सुमारे २० अंश सेल्सियस तापमान आणि ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता चांगली मानतात. मात्र आकड्यापेक्षा स्थैर्य महत्त्वाचे. कार्यालयीन वेळेत वातानुकूलन चालू आणि रात्री बंद, या रोजच्या चढउताराने कागद फुगतो, आकसतो. पावसाळ्यात बुरशी येते. थोडी उबदार पण स्थिर, कोरडी खोली त्याहून बरी.

सूचीत प्रत्येक नगाची पहिली व शेवटची ओळ, पानसंख्या, शाई आणि हस्ताक्षर कोणाचे हे लिहितात. क्रमांक मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात. हस्ताक्षराची नोंद विशेष मोलाची: दृष्टी गेल्यानंतर खांडेकर मजकूर तोंडी सांगून लिहवून घेत, त्यामुळे अशा काळातल्या खर्ड्यात शब्द लेखकाचे पण अक्षर लेखनिकाचे असते. लेखननियमांच्या चुका मग कोणाच्या मानायच्या, हा खरा संपादकीय प्रश्न आहे.

डिजिटल प्रतीसाठी किमान ३०० डीपीआय (दर इंचात टिपलेले ठिपके), बारीक अक्षराला ४०० ते ६०० डीपीआय घेतात. जतनाची डिजिटल प्रत टिफ स्वरूपात (तपशील न गमावणारा चित्रफाइलीचा प्रकार), वाचकांसाठी हलकी प्रत वेगळी. तीन प्रती असाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत. घाईच्या देवनागरी हस्ताक्षरावर यंत्रवाचन (संगणकाने अक्षरे ओळखणे) अजून भरवशाचे नाही, म्हणून हाताने केलेली सूचीच शोधाचा आधार.

दानपत्रात सर्वांत जास्त ढिलाई हक्कांबाबत आढळते. कागद मिळाले म्हणजे स्वामित्वहक्क मिळाला असे नाही. भारतात लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या साहित्यकृतीचा हक्क मृत्यूच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. खांडेकरांचे निधन १९७६चे, म्हणजे त्यांच्या अशा कृतींचा हक्क २०३६ अखेरपर्यंत. लेखकाला आलेल्या पत्रांतील मजकुराचा हक्क तर पत्र लिहिणाऱ्यांचा वा त्यांच्या वारसांचा असतो, दात्या कुटुंबाचा नव्हे. म्हणून दानपत्रात वाचन, प्रतिलिपी, संकेतस्थळावरील प्रदर्शन आणि प्रकाशन यांची परवानगी स्वतंत्र कलमांत घ्यावी, आणि खाजगी पत्रे किती वर्षे बंद ठेवायची तेही वर्षाच्या आकड्यासह लिहावे.