प्रोस्टेट कर्करोग आणि वनस्पतिजन्य औषधे

प्रोस्टेट म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी पुरःस्थ ग्रंथी. तिच्या कर्करोगावर वनस्पतींतली अनेक संयुगे आजमावली गेली. नेहमीच्या उपचारात पक्की जागा मिळाली ती मुख्यतः यू वृक्षापासून आलेल्या टॅक्सेन वर्गाला.

या शोधाचा एक धागा मुंबईतून जातो. 1925 मध्ये नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले आणि पुढे अमेरिकेत गेले. तिथे मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी पॅसिफिक यूच्या सालीतून या वर्गातले पॅक्लिटॅक्सेल वेगळे केले आणि 1971 मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. पण साल सोलली की झाड मरते आणि हाती औषध येते चिमूटभर. फ्रान्समध्ये पिएर पोतिए यांच्या गटाने युरोपीय यूच्या पानांतल्या संयुगावर प्रक्रिया करून त्याच वर्गातले डोसिटॅक्सेल बनवले. पाने खुडली तरी झाड पुन्हा फुटते.

विभाजनाच्या वेळी पेशीत सूक्ष्म नलिकांचा सांगाडा उभा राहतो आणि काम झाले की मोडतो. डोसिटॅक्सेल तो मोडू देत नाही. पेशी अडकते आणि मरते. हार्मोन उपचाराला न जुमानणाऱ्या, पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगात हे औषध 1006 रुग्णांवर तपासले गेले. 2004 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार रुग्णांचे मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो आकडा) 18.9 महिने भरले. जुन्या औषधावर ते 16.5 होते. फरक छोटा दिसतो, पण या टप्प्यावर केमोने आयुष्य वाढते हे तेव्हा प्रथमच सिद्ध झाले. 2010 मध्ये याच वर्गातले कॅबॅझिटॅक्सेल आले.

स्वयंपाकघरातल्या पदार्थांची गोष्ट निराळी. हळदीतले करक्युमिन काचेच्या बशीत कर्कपेशी मारते, पण पोटातून रक्तात फारच थोडे उतरते. डाळिंबाचे उदाहरण तर मुळातून समजून घ्यावे असे आहे. 2006 च्या एका अभ्यासात रस पिणाऱ्यांचा पीएसए (प्रोस्टेटचे रक्तात मोजले जाणारे प्रथिन, जे कर्करोग वाढला की वाढते) दुप्पट व्हायला सरासरी 15 ऐवजी 54 महिने लागले. त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. 2015 मध्ये खोट्या रसाशी तुलना झाली, तेव्हा दोन गटांत लक्षणीय फरक उरला नाही. पीसी-स्पेस हे आठ वनस्पतींचे मिश्रण तर पीएसए खरोखर उतरवत असे. 2002 मध्ये ते बाजारातून मागे घेतले गेले, कारण त्यात कृत्रिम इस्ट्रोजेन (पीएसए उतरवणारे स्त्री-हार्मोन) आणि रक्त पातळ करणारे वॉरफेरिन सापडले.

परळच्या टाटा रुग्णालयात 1941 पासून कर्करोगावर उपचार होत आहेत. मुंबईत असे उपचार चालू असताना घरी गुळवेलीचा काढा उकळणे नवलाचे नाही. 2021 मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या 6 रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. वाद काहीही असो, प्रोस्टेटच्या रुग्णासाठी हा प्रश्न थेट आहे. डोसिटॅक्सेल शरीरात यकृतच मोडते. यकृत बिघडले की रक्तात वाढणारे बिलिरुबिन जास्त असेल तर या औषधाचे सलाईन लावत नाहीत, म्हणून दर तीन आठवड्यांच्या डोसआधी रक्त तपासतात. डॉक्टर “आणखी काय चालू आहे?” असे विचारतात, तेव्हा घरचे लोक बहुधा गोळ्यांचीच नावे सांगतात. सकाळच्या पेलाभर काढ्याचे नाव राहून जाते, कारण तो कुणालाच औषध वाटत नाही.